कोकणातला डिसेंबर आणि दोघांचा संच: सुपारी घेण्यापासून वायरी पुसण्यापर्यंत

गाणारा एक, वाजवणारा एक. दोघांच्या मिळून चार हातांत दोन स्पीकर, मिक्सर, कीबोर्ड आणि वायरींची पिशवी. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांना आणि मोठ्या होमस्टेंना नाताळात असाच संच लागतो, कारण ऑर्केस्ट्रा परवडत नाही आणि डीजे शेजाऱ्यांना सोसत नाही. तुळशीची लग्नं उरकली की मार्गशीर्षातल्या लग्नांच्या हळदी सुरू होतात. २३-२४ डिसेंबरपासून २ जानेवारीपर्यंत रिसॉर्टांची धूम. पौषात मुहूर्त थंडावतात, तेव्हा कंपन्यांच्या सहली, स्नेहसंमेलनं आणि रायगडकडच्या पोपट्या, म्हणजे शेतावर मडक्यात शेंगा भाजायच्या मेजवान्या. मग २६ जानेवारीची जोडून आलेली सुट्टी. या सगळ्यात एक गोष्ट कायम धरून चालायची: दोघांच्या संचात तिसरा नसतो. एकाचा घसा बसला, एकाची झोप झाली नाही, तर निम्मा संच गेला. म्हणून पुढचं सगळं नियोजन दोन माणसांना झेपेल एवढंच.

अंतर खाड्यांमध्ये मोजा

नकाशावर जयगड आणि तवसाळ समोरासमोर दिसतात. दाभोळ-धोपावे, बागमांडला-वेश्वी, दिघी-आगरदांडा यांचंही तसंच. दिवसा फेरीबोट मिळाली तर गाडीसकट पलीकडे जायला फारसा वेळ लागत नाही. रात्री फेरी बंद झाली की तीच दोन गावं एकमेकांपासून कोसो दूर जातात. दापोलीकडून गुहागरला खाडी टाळून जायचं तर खेड-चिपळूणवरून शंभर किलोमीटरच्या आसपास वळसा पडतो, तोही कार्यक्रमानंतर रात्री एक वाजता. फेरीची शेवटची वेळ आदल्या दिवशी धक्क्यावर फोन करून विचारा, मोबाइलच्या नकाशावर विसंबू नका.

तारखा घेताना किनाऱ्याचे पट्टे पाडा: अलिबाग-मुरूड, दिवेआगर-श्रीवर्धन-हरिहरेश्वर, दापोली-गुहागर, रत्नागिरी-गणपतीपुळे, मालवण-वेंगुर्ले. एकदा एका पट्ट्यात उतरलात की तीन-चार कार्यक्रम तिथेच. ३० तारखेला तारकर्ली आणि ३१ ला काशीद अशी सुपारी (कार्यक्रमाचं ठरवलेलं काम) कितीही पैशाची असली तरी सोडून द्या. त्या दिवशी महामार्गावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग असते, आणि घाम गाळून पोचलेला गायक नऊ वाजता जे गातो ते ऐकून पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही. त्यापेक्षा त्याच पट्ट्यातली कमी पैशाची तारीख घ्या, फरक डिझेलमध्ये आणि घशात भरून निघतो.

३१ ला फेरी ओलांडायचीच असेल तर सकाळी ओलांडा. दुपारनंतर धक्क्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि सामानाच्या गाडीला कोणी पुढे सोडत नाही. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोनं गाडीसकट तासाभरात पोचता येतं, पण त्या आठवड्यातल्या फेऱ्या आधीच भरतात. तिकीट तारखेबरोबरच काढून ठेवा.

रेल्वेनं जाणार असाल तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ३१ डिसेंबरच्या गाडीचं १ नोव्हेंबरला. त्या सकाळी आठला बसून काढलं नाही तर तुतारी, मांडवी, कोकणकन्या यांची प्रतीक्षायादीच हाती येते. स्लीपर आणि थ्री एसीला माणशी ४० किलो सामान नेता येतं, दोघांचं ८०. हिशोब असा: १२ इंची दोन अ‍ॅक्टिव्ह स्पीकर (अ‍ॅम्प आतच असलेले) ३५ किलोच्या आसपास, दोन स्टँड ७, पिशवीसकट कीबोर्ड १०, मिक्सर ४, वायरी आणि माइक ८, कपडे १०. वजनात बसतं, हातांत बसत नाही. चिपळूण किंवा कुडाळला गाडी थोडाच वेळ थांबते, आणि तेवढ्यात दोघांनी सात डाग उतरवायचे. म्हणून रेल्वेनं जाताना १० इंची स्पीकर न्या किंवा स्पीकर तिथलेच भाड्यानं घ्या. माइक, मिक्सर, डीआय बॉक्स (वाद्याची लाइन मिक्सरला जोडणारी छोटी पेटी) आणि वायरी मात्र स्वतःच्याच. भाड्याच्या सामानात स्पीकर बहुधा ठीक असतो, वायर दगा देते.

आणखी एक. कोकण रेल्वे किनाऱ्यानं जात नाही, आतून जाते. खेडहून दापोली, कुडाळहून मालवण, चिपळूणहून गुहागर हे पुढचे तीस ते पंचेचाळीस किलोमीटर. गाडी स्टेशनवर कोण पाठवणार हे सुपारीतच ठरवायचं. ३१ ला स्टेशनबाहेर मोकळी रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका.

सुपारी पक्की करताना

फोनवर गोड बोलणं होतं, मग सगळं विसरलं जातं. फोन ठेवल्या ठेवल्या एक संदेश पाठवा आणि समोरच्याकडून ‘बरोबर’ एवढं लिहून घ्या. नमुना:

‘दादा, ३१ डिसेंबर, तुमच्या रिसॉर्टच्या हिरवळीवर आमचा दोघांचा कार्यक्रम. आम्ही दुपारी ३ ला पोचू, साउंड चेक साडेपाचपर्यंत संपवू. गाणं ८ ते १०, पुढे प्रशासनाची परवानगी असेल तरच. मध्ये १५ मिनिटांच्या दोन विश्रांती. स्टेजसाठी वेगळी लाइन आणि अर्थिंग तुमच्याकडून. लाउडस्पीकरची परवानगी आणि गाण्यांचं लायसन्स तुमच्या नावानं. एक खोली १ तारखेच्या दुपारपर्यंत, ड्रायव्हर धरून तिघांचं जेवण, गायकाचं जेवण ६ वाजता. निम्मी रक्कम आज, उरलेली साउंड चेक झाल्यावर, पहिल्या गाण्याआधी. जादा तासाचा दर वेगळा, तोही परवानगी असेल तर.’

यातलं ‘पहिल्या गाण्याआधी’ काढू नका. रात्री दीड वाजता मालक झोपलेला असतो, मॅनेजर ‘सकाळी बघू’ म्हणतो आणि सकाळी चेक-आउटच्या गर्दीत तुमच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. खोलीचंही तसंच. त्या रात्री किनाऱ्यावर एकही खोली रिकामी नसते, तुम्हाला स्टोअररूममध्ये गाद्या टाकून देतात. खोलीचा नंबर सकाळीच विचारून घ्यावा.

हळदीची सुपारी वेगळी. अलिबाग-पेण-उरणकडे हळद म्हणजे गावाचा कार्यक्रम. तिथे बेंजो पार्टी किंवा डीजे आधीच ठरलेला असतो आणि दोघांच्या संचाला ‘सुरुवातीचा तासभर’ दिलेला असतो. तो तास कधी सुरू होईल ते देवालाच ठाऊक. अशा घरी तासावर पैसे लावू नका, पूर्ण संध्याकाळचे लावा.

दहा वाजले की

ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत आणि थर्टी फर्स्टला आपोआप सुटत नाहीत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. त्या यादीत तुमच्या जिल्ह्यात कोणते दिवस आहेत हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आदेशात असतं. तो आदेश आणि पोलीस ठाण्याची लेखी परवानगी यांचा फोटो मालकाकडून मोबाइलवर मागून घ्या. पोलीस आले की मालक दिसत नाही, माइकसमोरचा माणूस दिसतो.

बंद सभागृहात आतल्या लोकांपुरतं वाजवायला वेगळी तरतूद आहे, म्हणून दहानंतर आत जायची सोय मागावी. कापडी मंडप म्हणजे बंद जागा नव्हे, कितीही पडदे सोडले तरी. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. खासगी जागेच्या कुंपणावर तुमच्यामुळे आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये. मोबाइलवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप काटेकोर नसतं, तरी साउंड चेकला कुंपणाजवळ जाऊन एकदा आकडा बघून या. मास्टर फेडर (मिक्सरवरची सगळा आवाज कमी-जास्त करणारी सरकती दांडी) कुठे ठेवायचा ते तिथेच ठरतं, आणि त्या जागी चिकटपट्टीची खूण करायची.

गाण्यांच्या हक्कांचं थोडक्यात: रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवलं तर पीपीएल या संस्थेचं लायसन्स, शब्द-चाल लोकांसमोर गायली तर आयपीआरएस या संस्थेचं. ट्रॅकवर, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या साथीवर, गाताना दोन्हींचा प्रश्न येऊ शकतो. लग्न आणि त्याला जोडून येणारे समारंभ यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये सूट आहे, रिसॉर्टच्या तिकिटाच्या पार्टीला नाही. लायसन्स आयोजकानं काढायचं, हे त्या संदेशात आलंच पाहिजे.

वीज: इथेच जास्त सामान जळतं

दोन अ‍ॅक्टिव्ह स्पीकर, मिक्सर आणि कीबोर्ड मिळून सरासरी ५०० ते ६०० वॅट ओढतात, म्हणजे अडीच अँपिअरच्या आसपास. स्पीकरवर ‘१००० वॅट’ छापलेलं असतं म्हणून घाबरायचं कारण नाही. साधं सॉकेट हा भार पेलतं. अडचण असते ती त्याच बोर्डावर लावलेल्या तंदूरच्या ब्लोअरची, बर्फाच्या फ्रीजरची आणि दहा हॅलोजनची. फ्रीजरचा कॉम्प्रेसर सुरू झाला की व्होल्टेज क्षणभर खाली जातं आणि कीबोर्ड रीस्टार्ट होतो, गाण्याच्या मधोमध. म्हणून मिक्सर, कीबोर्ड आणि ट्रॅकचा लॅपटॉप ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसवर ठेवा, स्पीकर थेट लाइनवर. स्पीकर क्षणभर गप्प झाले तर लोक ओरडतात आणि विसरतात, पण कीबोर्डचे सेट केलेले आवाज उडाले तर पाच मिनिटं जातात.

सामान जोडण्याआधी मल्टिमीटर. तीन मापं, दोन मिनिटांचं काम:

फेज-न्यूट्रल २०७ ते २५३ च्या मध्ये हवं (२३० च्या दहा टक्के खाली-वर). सात वाजता परत मोजा, कारण गावातले सगळे दिवे तेव्हा लागतात आणि लाइनच्या टोकाला असलेल्या रिसॉर्टवर व्होल्टेज तेव्हा उतरतं.

न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. जास्त दिसलं तर न्यूट्रल सैल आहे किंवा अर्थ नुसता नावाला आहे. थ्री फेजच्या ठिकाणी न्यूट्रल सुटला तर तुमच्या सॉकेटवर ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं आणि अ‍ॅडाप्टर धुरासकट जातात. अशी लाइन अजिबात घेऊ नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

फेज-अर्थ हे माप फेज-न्यूट्रलच्या जवळपास यायला हवं. शून्य आलं तर अर्थ जोडलेलाच नाही. कोकणात उन्हाळ्याकडे जांभा दगड वाळतो आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला सांगावं. डिसेंबरातही याचा उपयोग होतो.

घुंई असा आवाज येतो म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे वादक अजूनही भेटतात. ओल्या हिरवळीवर अनवाणी पायांनी माइक धरणाऱ्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे. घुंई घालवायची ती डीआय बॉक्सच्या ग्राउंड लिफ्टनं (सिग्नलच्या वायरीचा अर्थ तोडणारं बटण), लॅपटॉप बॅटरीवर चालवून आणि सगळं सामान एकाच बोर्डावर घेऊन.

जनरेटर असेल तर माणूस हेरून ठेवा आणि त्याला सांगा: बदलण्याआधी हात वर कर. त्याचा हात वर गेला की आधी स्पीकर बंद. लाइन बदलून स्थिर झाली की शेवटी स्पीकर चालू. रोजचा क्रमही तोच: चालू करताना मिक्सर आधी, स्पीकर शेवटी, आणि बंद करताना उलटं. एक्स्टेन्शनला अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तीन तारांची वायर, वीस मीटर, आणि वापरताना पूर्ण उलगडलेली. ड्रमवर गुंडाळलेली वायर भाराखाली तापते.

वाळू, वारा, भरती

पाहुण्यांना पाण्याजवळ बसायचं असतं, म्हणून मालक स्टेजही पाण्याजवळ मागतो. आधी तिथी बघा. कोळ्यांचा जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराला, निर्धास्त. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे नव्या वर्षाची उलटी गिनती चालू असताना पाणी सगळ्यात वर, आणि तेही उधाणाचं. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण स्टेज कुठे नको हे त्यावरून कळतं. वाळूवर शेवटच्या भरतीनं सोडलेली काडीकचऱ्याची रेघ दिसते, तिच्यापासून निदान वीस पावलं वर मांडा. अलिबागकडे भरती-ओहोटीतला फरक मालवणपेक्षा बराच मोठा असतो, तिथे आणखी वर. जाता जाता: २०२८ च्या ३१ डिसेंबरला पौर्णिमा आहे आणि रात्री दहाच्या पुढेमागे खग्रास चंद्रग्रहण. वेध पाळणाऱ्या घरांतले पाहुणे असतील तर जेवणाची आणि तुमच्या मध्यंतराची वेळ आधीच विचारून घ्यावी लागेल.

वाऱ्याचं गणित दिवसभर बदलतं. संध्याकाळपर्यंत समुद्राकडून खारा वारा, मग थोडा वेळ सगळं थबकतं आणि रात्री जमिनीकडून मतलई वारा सुरू होतो. म्हणून स्टेजची पाठ जमिनीकडे आणि तोंड समुद्राकडे ठेवलेलं बरं. रात्रीचा वारा गायकाच्या पाठीवर येतो, त्याचं अंगच माइकला आडोसा देतं आणि फुरफुर कमी होते. शिवाय स्पीकरचा आवाज गावाकडे न जाता दर्याकडे जातो. शेजाऱ्यांची तक्रार निम्म्यानं कमी होते ती इथे. तरी माइकवर फोमची टोपी हवीच आणि मिक्सरवर गायकाच्या चॅनेलला १०० हर्ट्झचा लो-कट, म्हणजे त्याखालचा घुमारा कापणारं बटण.

उघड्या किनाऱ्यावर भिंती नाहीत, आवाज परतून येत नाही, खर्ज हवेत विरतो. म्हणून वाजवणारा वैतागून बास वाढवत जातो, स्पीकरचा लाल दिवा लागतो. वाढवू नका. स्पीकर सहा फूट उंच, जरासे आत वळवून, आणि श्रोत्यांना जवळ बसवा, एवढ्यानं काम भागतं. स्टँडचे पाय वाळूत रुततात आणि लहान मुलांच्या धक्क्यानं १७ किलोचा स्पीकर आडवा होतो. प्रत्येक स्टँडखाली दोन फूट बाय दोन फूट प्लायवूडचा तुकडा आणि पायांवर वाळू भरलेली सिमेंटची रिकामी पिशवी. पिशव्या तिथेच भरायच्या, वाहून न्यायच्या नाहीत.

माइकची शिटी वाजते ती बहुधा गायक स्पीकरच्या पुढे आल्यानं. स्पीकर माइकच्या पुढच्या रेषेत ठेवा, वायर तेवढीच लांब द्या की नाचत पुढे जाताच येणार नाही. तरी वाजली तर अडीच ते चार किलोहर्ट्झमध्ये थोडं कापा.

वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. तिथे वाळूवर प्रखर दिवे आणि रात्रीचा दणदणाट नको. मालक हट्ट धरत असेल तरी कार्यक्रम आत अंगणात घ्या.

दव

डिसेंबरच्या निरभ्र रात्री दहानंतर दव पडायला लागतं. मिक्सरचा पत्रा, माइकची जाळी, कीबोर्डच्या पट्ट्या, सगळ्यावर ओल येते आणि ती खारी असते. मिक्सर आणि कीबोर्डवर दीड-दोन फुटांवर ताडपत्रीचं छप्पर बांधा. चालू स्पीकरला प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आतल्या अ‍ॅम्पला वारा लागतो. मध्यंतरात मिक्सर बंद करू नका, त्याची ऊबच त्याला कोरडं ठेवते. एसी गाडीतून आलेलं गार सामान दमट हवेत काढलं की त्यावर पाणी धरतं. पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली घ्या.

गिटार असेल तर गार हवेत पोलादी तारा आवळतात आणि सूर चढतो, हॅलोजनजवळ नेली की उतरतो. ढोलकी-तबल्याचं उलटं दुखणं, दमट हवेत पुडी सैल पडून सूर खाली येतो. म्हणून वाद्यं कार्यक्रमाआधी निदान अर्धा तास स्टेजच्याच हवेत ठेवा आणि मग लावा. खोलीत लावून आणलेलं वाद्य बाहेर कामाचं नाही.

गाणी, स्केल आणि घसा

सलग तीन-चार रात्री गायचं असेल तर पहिल्या रात्रीच्या पट्टीत चौथ्या रात्री गाता येत नाही. प्रत्येक गाण्याचा ट्रॅक दोन पट्ट्यांत तयार ठेवा: नेहमीची आणि तिच्याखाली एक-दोन सूर. काळी पाचमधून (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवरून) गाणारी गायिका ३० तारखेला काळी चारवर आली तर श्रोत्याला कळतही नाही, घशाला मात्र कळतं. रेकॉर्ड केलेला ट्रॅक दोन-तीन सुरांपेक्षा जास्त उतरवला तर ढोलकीचा आवाज रबरी होतो. त्याहून खाली हवं असेल तर कीबोर्डवर नव्यानं बांधा.

क्रम असा ठेवा की अवघड, वरच्या सुरांची गाणी साडेआठ ते साडेनऊमध्ये संपतील. सुरुवातीला लोक जेवत-बोलत असतात, तेव्हा जुनी हिंदी आणि भावगीतं, आवाज बेताचा. मग कोळीगीतं, ठेक्याची मराठी, पंजाबी. गायकाला श्वास घ्यायला प्रत्येक चार गाण्यांनंतर वाजवणाऱ्याचा एक वाद्यतुकडा. फर्माईश चिठ्ठीवर घ्या आणि ‘बघतो’ म्हणा, ‘हो’ म्हणू नका. माइक पाहुण्याच्या हाती द्यावाच लागला तर तिसरा, साधा वायरचा माइक द्या आणि त्याचा फेडर वाजवणाऱ्याच्या बोटाखाली ठेवा. कॉर्डलेस माइक एकदा गर्दीत गेला की स्विमिंग पुलाच्या काठावर सापडतो.

घशाचे शत्रू तीन: शेकोटीचा धूर, रात्री दीडचं जेवण आणि आंब्याची फवारणी. शेकोटी स्टेजच्या वाऱ्याखाली पेटवायला सांगा, म्हणजे धूर तुमच्याकडून पलीकडे जाईल. झणझणीत तिखलं आणि तळलेली सुरमई कार्यक्रमानंतर खाऊन लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज फाटलेला असतो. पोटभर जेवण सहाला, नंतर फक्त पेज किंवा मऊ भात. फवारणीचं कोणी सांगत नाही, विचारावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत हापूस मोहरतो आणि बऱ्याच रिसॉर्टांच्या कुंपणालाच बाग लागून असते. सकाळी फवारा मारला की दुपारपर्यंत वास घशात बसतो. बागवाल्याचा फवारणीचा दिवस कळला तर त्या सकाळी खोलीची खिडकी बंद ठेवून झोपावं किंवा गावात जाऊन बसावं. घसा बसलाच तर कुजबुजत बोलू नका, त्यानं ताण वाढतो. गप्प राहा, साध्या पाण्याची वाफ घ्या, आणि त्या रात्री वाजवणाऱ्यानं निम्मी गाणी उचलावीत. म्हणून वाजवणाऱ्याला निदान दहा गाणी यायलाच हवीत.

पोपटीची रात्र

जानेवारीत रायगडात वालाच्या शेंगा भरल्या की शेतांवर पोपट्या लागतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, कुठे अंडी-कोंबडी, मडकं उलटं आणि भोवती आग. इथे वीज नसते आणि नसलेलीच बरी. एक बॅटरीचा स्पीकर, एक गिटार, एक ढोलकी, दोन माइक. बॅटरीवर लिहिलेले तास मध्यम आवाजाचे असतात, जोरात वाजवलं की निम्मे धरा. मडकं उघडेपर्यंतच लोक ऐकतात, एकदा उघडलं की तुमचं गाणं संपलं असं समजून पानावर बसा.

परत निघताना

रात्री एक वाजता आंबा, कुंभार्ली, फोंडा, आंबोली यांपैकी कोणताही घाट दोघांपैकी कोणी चालवू नये. गायलेला आणि वाजवलेला माणूस जागा दिसतो, जागा नसतो. सीझनच्या दहा दिवसांसाठी ड्रायव्हर ठेवा आणि त्याचा पगार सुपारीत धरा. ते जमत नसेल तर मुक्काम. आणि ड्रायव्हर पार्टीत काय घेतो यावर लक्ष असू द्या.

झोपण्याआधीची वीस मिनिटं सामानाला द्या. किंचित ओल्या फडक्यानं खार पुसा, मग कोरड्यानं. वायरी हातावरून ओढत पुसत गुंडाळा, वाळू तिथेच लागते. माइकची जाळी उघडून आतला फोम वाळवा. कॉर्डलेस माइकचे सेल काढा, सेल गळून स्प्रिंग सडते ती अशाच रात्री. स्पीकरच्या पेटीत आणि मिक्सरच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या, दोन-दोन मोठ्या. गिटारच्या तारा पुसा, तरी सीझनमध्ये दोन संच लागतीलच, किनाऱ्यावर चकाकी दोन रात्रींत जाते. एक्सएलआरच्या (माइकच्या वायरीच्या तीन पिनांच्या) टोकांना आठवड्यातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनर. फेडरवर साधं तेल किंवा डब्ल्यूडी-४० मारू नका, आतली कार्बनची पट्टी खराब होते आणि फेडर खरखरायला लागतो.

जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा घेताना मालवण पट्ट्यात एक जागा मोकळी राहू द्या. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तिथीवर नसते, देवीच्या कौलानं ठरते. तारीख जाहीर झाली की कणकवली-मालवण रस्ता त्या दोन दिवसांत भरून जातो, आणि चाकरमानी गावी आल्यामुळे घरगुती सुपाऱ्याही त्याच सुमारास येतात. जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत सामान पोचवलं तर ठीक, नंतर गाडी गावाबाहेर ठेवून स्पीकर खांद्यावरून न्यावे लागतात.